ससेमिरा : अर्थ, उपयोग आणि उतारा

ससेमिरा हा पुल्लिंगी शब्द असून तो कायम एकवचनात वावरतो. एखाद्या गृहस्थाच्या मागे एकाच आठवड्यात विमा एजंट, सोसायटीचे चिटणीस, वर्गणीवाली पोरे आणि दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत मागणारा साडू असे चौघे लागले, तरी त्याच्यामागे चार ससेमिरे लागले असे मराठीत म्हणता येत नाही. चौघांचा मिळून ससेमिरा एकच. त्याची क्रियापदेही ठरलेली आहेत. तो मागे लागतो, लावला जातो, चुकवावा लागतो आणि नशिबात असेल तर सुटतो. दिशा मात्र पाठीमागचीच. समोरून येतो त्याला पाहुणा म्हणतात, मग त्याचा हेतू काहीही असो.

हा शब्द इस्त्रीचे कपडे घालून फिरणारा आहे. घरात त्याला कोणी विचारत नाही. "आई, अभ्यासाचा ससेमिरा लावू नकोस," असे म्हणणारे मूल महाराष्ट्रात अजून जन्माला यायचे आहे. घरगुती वापरासाठी भुणभुण, कटकट आणि टुमणे पुरेसे असते. ससेमिऱ्याचा मुक्काम वर्तमानपत्रात, आणि तिथेही बहुतेक वेळा 'चौकशीचा' या शब्दाच्या शेजारच्या खोलीत. पुढाऱ्यांच्या मागे तो लागतो तेव्हा मथळा मोठा असतो, सुटतो तेव्हा बातमी आतल्या पानावर जाते. मधल्या काळात पुढाऱ्याने फक्त गळ्यातला रुमाल बदललेला असतो.

शब्द ऐकून अर्थ लागत नाही, ही त्याची मोठी अडचण. ससे आणि मिरे हे दोन्ही पदार्थ ओळखीचे असल्याने पाककृतीचा भास होतो. प्रस्तुत लेखकाने सहावीच्या परीक्षेत 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला "शेतकऱ्याने यंदा दोन एकरांत ससेमिरा लावला" असे उत्तर लिहिले होते. गुरुजींनी शून्य दिले आणि वर्गात उभे करून विचारले,

"मग, एकरी किती उतरला?"

याचे उत्तर लेखकाला तेव्हा देता आले नाही. पुढे संसाराला लागल्यावर ते पीक किती येते याचा अंदाज आला.

शब्दाचे मूळ सिंहासनबत्तिशी या नावाने मराठीत ओळखल्या जाणाऱ्या कथासंग्रहात, म्हणजे संस्कृतातल्या विक्रमचरितात आहे. नंद नावाच्या राजाचा मुलगा विजयपाल शिकारीला गेला. रानात वाघ मागे लागला म्हणून तो झाडावर चढला, तर वर फांदीवर अस्वल बसलेले. अस्वलाने त्याला अभय दिले, इतकेच नव्हे तर रात्री आपल्या मांडीवर झोपू दिले. खालून वाघ म्हणाला, हा माणूस आहे, उद्या तुझ्यावरच उलटेल, दे खाली ढकलून. अस्वलाने नकार दिला. मग पहारा बदलला. अस्वल झोपले, राजपुत्र जागा. वाघाने तोच प्रस्ताव पुन्हा ठेवला, आणि राजपुत्राने फारसा विचार न करता अस्वलाला ढकलले. अस्वल मधल्याच फांदीला धरून बचावले. त्याने शाप दिला की तू 'ससेमिरा, ससेमिरा' असे बरळत रानोमाळ भटकशील. त्याप्रमाणे राजपुत्र वेडा झाला. कोणी जेवायला बोलावले तरी ससेमिरा, कोणी नाव विचारले तरी ससेमिरा.

या कथेत वाघाचे काम लक्षात घेण्यासारखे आहे. तो रात्रभर झाडाखाली बसून दोन वेगवेगळ्या व्यक्तींना एकच योजना समजावून सांगतो, पहिल्याने नाही म्हटले तरी नाउमेद होत नाही आणि घरातला कमकुवत माणूस जागा होण्याची वाट पाहतो. सदनिका विकणाऱ्या मंडळींना प्रशिक्षणात ही कथा सांगत नसतील तर सांगावी.

राजपुत्राला बरे करणारा गृहस्थ शारदानंदन. त्याचीही कथा सरळ नाही. राणी भानुमतीच्या चित्रात तिच्या अंगावरचा एक तीळ काढायचा राहिला आहे, अशी चूक त्याने चित्रकाराला दाखवली होती. तीळ बरोबर होता. पण तो याला कसा ठाऊक, या प्रश्नावरून राजाने त्याला ठार मारायचा हुकूम सोडला आणि प्रधानाने त्याला तळघरात लपवले. (मुद्रितशोधकाच्या व्यवसायातले धोके फार जुने आहेत.) आता हाच शारदानंदन पडद्याआड बसून, प्रधानाची लहान मुलगी बोलते आहे असे भासवून, चार श्लोक म्हणतो. पहिला श्लोक 'स'ने सुरू होतो, दुसरा 'से'ने, तिसरा 'मि'ने, चौथा 'रा'ने. विश्वासाने मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला पराक्रम, अशी सुरुवात. मग ब्रह्महत्येला तीर्थे आहेत, मित्रद्रोहाला नाहीत. मग मित्रद्रोह्याला नरक. प्रत्येक श्लोकाबरोबर राजपुत्राच्या तोंडातले एकेक अक्षर गळते. ससेमिराचे सेमिरा होते, मग मिरा, मग नुसते रा. चौथ्या श्लोकात राजाला उद्देशून सांगितले आहे की मुलाचे कल्याण हवे असेल तर ब्राह्मणांना दान दे. म्हणजे पहिली तीन अक्षरे उपदेशाने सुटली आणि शेवटचे अक्षर पैशाचा विषय निघाल्यावर. ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

मूळ कथेत ससेमिरा हा अपराध्याच्या तोंडचा शब्द आहे. मराठीत आल्यावर तो अपराध्याच्या तोंडातून निघून त्याच्या मागे लागला. एकच चार अक्षरे अहोरात्र ऐकावी लागणाऱ्या राजवाड्यातल्या माणसांची जी अवस्था झाली असेल, तिच्यावरून हा अर्थ रुळला असावा असे मानायला जागा आहे. अस्वलाचा शाप एकाला, त्रास सगळ्यांना.

ससेमिऱ्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत आणि त्यांत घोटाळा होऊ देऊ नये. टुमण्याला एकच विषय लागतो आणि तो बहुधा खर्चाचा असतो. "आपण एक गाडी घेऊ या," हे दर रविवारी चहाच्या वेळी निघते ते टुमणे. धोशाला विषयही लागत नाही, आवाज पुरतो. लकडा लावणाऱ्याला उत्तर नको असते, होकार हवा असतो. तगाद्याला मात्र कारण लागते, आणि ते थकबाकीचे. हा शब्द अरबी-फारसीतल्या तकाज्यावरून आला, म्हणून त्याच्या अंगाला अजून कचेरीचा आणि सावकाराच्या वहीचा वास आहे. शुक्लकाष्ठ ससेमिऱ्यासारखेच मागे लागते, पण त्यात माणूस नसतो, सगळी कामगिरी दैवाची. साडेसाती यांत मोजलीच जात नाही, कारण तिला मुदत आहे. तीन राशींत अडीच-अडीच वर्षे, एकूण साडेसात, की शनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. फ्लॅटचे कर्ज वीस वर्षांचे असते.

आग्रह हा या कुळातला एकमेव प्रतिष्ठित सदस्य. लग्नाच्या पंगतीत त्याला हात, पाय आणि जिलबीचे ताट फुटते.

"एक घ्याच."

"नको हो, खरंच पोट भरलंय."

"पोट भरलंय म्हणजे दोन."

इथे नकाराची किंमत होकाराच्या दुप्पट असते. पानावर आडवा धरलेला हात हा नकार मानला जात नाही. वाढपी तो हात मनगटाशी धरून बाजूला ठेवतो आणि मोकळ्या जागेत जिलबी सोडतो. प्रस्तुत लेखकाने एका मुंजीत युक्ती म्हणून पहिल्याच फेरीला "वाढा, चार वाढा," असे सांगून पाहिले. वाढपी थबकला, ताटाकडे पाहिले, लेखकाकडे पाहिले, आणि अर्धी मोडून वाढून पुढे गेला.

हे सगळे शब्द 'लावणे' या क्रियापदाशी संसार करतात. तगादा लावतात, लकडा लावतात, धोशा लावतात, टुमणे लावतात. मराठीत आग लावतात, कुलूप लावतात आणि झाडही लावतात, तेव्हा या क्रियापदाला विधिनिषेध फारसा नाही. अपवाद पाठपुराव्याचा. पाठपुरावा लावत नाहीत, करतात. कारण ते काम आहे.

पाठीमागे लागण्याची कला पूर्वी किती प्रगत होती हे एल्फिन्स्टनने लिहून ठेवले आहे. पेशवाई १८१८ साली संपली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला पाठवला. त्यात तकाजा या प्रकाराचे सविस्तर वर्णन येते. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घराबाहेर पडू देत नसत, जेवू देत नसत, तडजोडीला येईपर्यंत उन्हात बसवत. देणेकरी बडा असेल तर रीत वेगळी. आधी विनवण्या, मग अब्रूची आठवण. मग त्याच्या उंबऱ्यावर आडवे पडायचे, वाटेत लोळण घ्यायची, दारासमोर आरडाओरडा करायचा, आणि एवढे स्वतःच्याने होत नसेल तर त्यासाठी माणसे ठेवायची. शेवटचा उपाय धरणे. धनको दारात उपाशी बसायचा, आणि तो बसला असेपर्यंत आतल्या देणेकऱ्यालाही जेवता यायचे नाही. दोघेही उपाशी, मध्ये एक उंबरा. कोणाचे पोट आधी बोलते त्यावर हिशेब मिटायचा.

इंग्रजांना ही पद्धत मानवली नाही. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतल्या कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालणे हा गुन्हा ठरला, आणि त्याचे पहिले उदाहरण म्हणून एखाद्याच्या दारात त्या हेतूने धरणे धरून बसणारा मनुष्यच दिला होता. पुढे धरणे धरणाऱ्यांनी दार बदलले. ते सरकारच्या दारात बसू लागले आणि आत बसलेले दुपारचे जेवण वेळेवर घेऊ लागले. मूळ पद्धतीतला अर्धा भाग असा गळाला.

भाड्याने माणसे ठेवण्याची सोय मात्र टिकली. तिला वसुली एजंट म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले की अशा एजंटांनी कर्जदाराला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये. पेशवाईत उन्हात बसवण्याच्या वेळाही साधारण याच असणार.

कर्ज वसूल करणाऱ्यापेक्षा कर्ज देणाऱ्याचा ससेमिरा अधिक चिवट असतो, हा अलीकडचा बदल आहे. तो १४०ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून दुपारी दीडच्या सुमारास येतो, म्हणजे आमटीत भात कालवून झाल्यावर. बोटे बरबटलेली असल्याने फोन करंगळीने उचलला जातो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत एकदा असा संवाद झाला.

"सर, आपल्यासाठी पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालंय."

"मी मागितलं नव्हतं."

"म्हणूनच मंजूर झालंय सर. फक्त दोन मिनिटं. आपलं मासिक उत्पन्न किती?"

"मासिकांकडून काहीच नाही. दिवाळी अंकांकडून थोडंफार येतं."

"म्हणजे आपण नेमकं काय करता?"

"लिहितो."

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग अत्यंत सहानुभूतीच्या आवाजात "काळजी घ्या सर," असे ऐकू आले आणि फोन बंद झाला. ससेमिरा लावणाऱ्याने आपण होऊन तो सोडल्याचे हे लेखकाच्या पाहण्यातले एकमेव उदाहरण. त्यानंतर त्या बँकेचा फोन आलेला नाही. आता थोडे वाईट वाटते.

असे फोन नको असलेल्यांसाठी १९०९ हा क्रमांक दिलेला आहे. तिथे नाव नोंदवले की जाहिरातीचे फोन थांबतात असे म्हणतात. योगायोग असा की का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेही साल १९०९. दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन बंद करण्याची सोय मात्र त्या क्रमांकावर नाही.

आता या शब्दाच्या वापरातली सर्वात महत्त्वाची अडचण. ससेमिरा प्रथमपुरुषी कर्त्याबरोबर चालत नाही. "त्याने ससेमिरा लावला" हे वाक्य शुद्ध आहे. "मी ससेमिरा लावला" हे व्याकरणाने शुद्ध असले तरी आजवर कोणी उच्चारलेले नाही. कर्ता 'मी' झाला की त्याच कृतीचे नाव बदलून पाठपुरावा होते, फार तर नम्र आठवण. हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका गृहनिर्माण संस्थेच्या फायलीत पाहायला मिळते. सदनिका क्रमांक ११ मध्ये, जिथे प्रस्तुत लेखक राहतो, न्हाणीघराच्या छतातून पाणी गळू लागले. वरच्या सदनिका क्रमांक १५ला पहिले पत्र गेले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र गेले. मग दुसरे स्मरणपत्र, त्यात पहिल्याचा संदर्भ. मग तिसरे, त्यात दोघांचे. पत्र जिन्यातून वर जायला चाळीस सेकंद लागत, पण टपालाने पाठवायचा सल्ला एका वकील मित्राने दिल्यामुळे ते मुख्य पोस्टातून फिरून चार दिवसांनी त्याच जिन्याने वर जाई. मध्यंतरी जिन्यात दोघांची गाठ पडली की हवापाण्याच्या गप्पा होत. त्यातही पाण्याचा विषय टाळला जाई.

सातव्या पत्रानंतर सर्वसाधारण सभा भरली. लेखकाने निवेदनात लिहिले होते : "या प्रश्नाचा मी आठ महिने सातत्याने पाठपुरावा करीत आहे." वरच्या सदनिकेचे निवेदन त्याच टेबलावर होते : "सदनिका क्र. ११ यांनी आठ महिने लावलेला ससेमिरा थांबवावा." चिटणिसांनी दोन्ही निवेदने वाचली, चष्मा काढला, पुसला आणि विचारले,

"पत्रं एकूण किती?"

"सात," दोघेही म्हणाले.

"चला, एका मुद्द्यावर तरी एकमत आहे."

इतिवृत्तात नोंद झाली की दोन्ही निवेदने एकाच फायलीत लावण्यात आली असून पुढील कार्यवाही यथावकाश होईल. एप्रिल उजाडला आणि छत आपोआप वाळले. वरच्यांनी त्याला दुरुस्ती म्हटले, लेखकाने पाठपुराव्याचे फळ म्हटले. जूनमध्ये आठवे पत्र गेले.

कोण कोणाच्या मागे लागले आहे हे ठरवणे नेहमीच सोपे नसते. विक्रम राजा रात्री स्मशानात जाऊन झाडावरचे प्रेत खाली काढतो, खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून सुटतो, राजा परत फिरतो. ही कथा राजाच्या बाजूने सांगितली जाते म्हणून त्याला हट्ट म्हणतात आणि कौतुक करतात. वेताळाने कधी आत्मचरित्र लिहिले असते, तर एक प्रकरण या विषयावर नक्की असते.

ससेमिऱ्याचा उतारा म्हणून व्यवहारात तीन उपाय चालतात. पहिला, नंबर बदलणे. नवा नंबर सर्वात आधी त्यालाच मिळतो. दुसरा, आजारपण. प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना तापाचे कारण सांगितले आणि त्याच संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी निवडताना ते समोर आले. "वैद्यांनी पालेभाजी सांगितलीय," असे लेखक म्हणाला. संपादकांनी जुडीकडे, मग लेखकाच्या दुसऱ्या हातातल्या भज्यांच्या पुडीकडे पाहिले. "भजी कुठल्या वैद्यांनी?" एवढेच विचारून ते कोथिंबिरीकडे वळले.

तिसरा उपाय म्हणजे मागितलेली वस्तू देऊन टाकणे. तो फार क्वचित सुचतो. जूनपासून "लेख कुठवर आला?" असे विचारले जात होते आणि जूनपासून "शेवटचा हात फिरवतोय" असे उत्तर दिले जात होते. पहिला हात सप्टेंबरच्या अखेरीस फिरला. लेख मुदतीनंतर बावीस दिवसांनी पोचला. विषय होता वक्तशीरपणा.

लेख छापून आला आणि मानधनाचा पाठपुरावा सुरू झाला. आता पाठ संपादकांची होती. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी लेखकाने पहिली नम्र आठवण पाठवली. संपादकांचे उत्तर : "सध्या वितरणाच्या गडबडीत आहे." डिसेंबरमध्ये दुसरी आठवण, तिचे उत्तर : "सेल कमी झालाय यंदा, थोडं सांभाळून घ्या." संक्रांतीला तिळगुळाच्या शुभेच्छांच्या खाली बारीक अक्षरात तिसरी आठवण. उत्तर : "मिळेल हो, पळून का जातोय?" गुढीपाडव्याला चौथी. उत्तर : "राहूनच गेलं बघा!"

चारही उत्तरे एकाखाली एक ठेवून पाहिल्यावर लेखकाला अस्वलाची आठवण झाली. चौथ्या श्लोकात दानाचा उल्लेख आहे, हे संपादकांना सविस्तर कळवण्यात आले. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर यायला जून उजाडावा लागला :

"सर, यंदाचा लेख कुठवर आला?"